कोर्टाने वाचवलं म्हणून नाचू नका

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाची आई तात्पुरत्या व्हिसावर किंवा कागदपत्रांशिवाय राहत असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर ते मूल यापुढे अमेरिकन नागरिक धरायचं नाही, असा तो आदेश. तीनच दिवसांत सिअ‍ॅटलमधल्या एका फेडरल न्यायाधीशाने तो रोखला. हे न्यायाधीश रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये नेमलेले, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने. त्यांनी तो आदेश उघडउघड घटनाबाह्य ठरवला.

मग आपल्याकडे जे व्हायचं तेच झालं. 'कोर्टाने ट्रम्पच्या थोबाडीत मारली', 'याला म्हणतात खरी लोकशाही', असे फॉरवर्ड फिरू लागले. एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत एच-वन-बीवर राहणाऱ्या ज्या मराठी घरांत बाळ येऊ घातलं होतं, तिथला सुटकेचा निःश्वास मला समजतो. त्या आई-बाबांशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते त्या निःश्वासातून आपण काढलेल्या निष्कर्षाशी: अमेरिकेत काहीही झालं तरी शेवटी कोर्ट आहे, कोर्ट बघून घेईल.

कोर्ट बघून घेणार नाही. त्याची रचना त्यासाठी नाही, त्याचा इतिहास तसा नाही आणि त्याच्या हातात तेवढी ताकदही नाही. जी ताकद आहे, ती बरीचशी अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, स्वतःचं काम न केल्यामुळे त्याच्याकडे गेलेली आहे. आणि जोवर सगळ्यांच्या नजरा कोर्टाच्या पायऱ्यांवर खिळलेल्या आहेत, तोवर काँग्रेसला कुणी जाब विचारणार नाही. बाहेरून आलेल्या माणसांना, त्यात आपलेही लाखो लोक आले, या सवयीची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते.

आधी हे कोर्ट नेमकं काय आहे ते बघू

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन वेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालयं आहेत आणि देशातले बहुसंख्य खटले तिथेच चालतात. घटस्फोट, चोरी, खून, भाडेकरूचं भांडण, बहुतेक अपघात, सगळं तिथे. फेडरल न्यायालयांकडे येतात ते मोजके विषय: देशाची राज्यघटना, काँग्रेसने केलेले कायदे, केंद्र सरकार ज्यात पक्षकार आहे असे खटले, किंवा दोन वेगळ्या राज्यांतल्या माणसांमधला ७५ हजार डॉलरपेक्षा मोठा वाद.

या फेडरल व्यवस्थेला तीन मजले आहेत. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं. साक्षीपुरावे, ज्युरी, उलटतपासणी, हे सगळं इथे. मधल्या मजल्यावर १३ अपील न्यायालयं, ज्यांना सर्किट म्हणतात. वर नऊ जणांचं सुप्रीम कोर्ट. सुप्रीम कोर्टात अपील करणं हा बहुतेक वेळा हक्क नसतो, ती विनंती असते. दरवर्षी हजारो अर्ज येतात. नऊपैकी चार जणांना प्रकरण ऐकावंसं वाटलं तरच ते ऐकलं जातं, आणि अलीकडच्या वर्षांत असे खटले साठ-सत्तरच्या घरात असतात. बाकीच्यांना एका ओळीत नकार, कारण न देता.

आणखी एक अट आहे, ती भारतातल्या वाचकाला खटकेल. आपल्याकडे जनहित याचिका आहे. एखाद्याने पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्याचीच याचिका करून घेतली, असंही घडलेलं आहे. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात तुम्हाला स्वतःला ठोस इजा झाली आहे किंवा होऊ घातली आहे, ती प्रतिवादीमुळे झाली आणि कोर्टाच्या आदेशाने ती भरून निघेल, हे तिन्ही दाखवावं लागतं. नाहीतर कायदा कितीही अन्यायाचा असो, दार उघडत नाही. सल्ला म्हणून मत देणंही या कोर्टाला मान्य नाही. १७९३ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सरकारने काही कायदेशीर प्रश्न न्यायाधीशांकडे पाठवले, तेव्हा त्यांनी उत्तर द्यायला नकार दिला होता. थोडक्यात, हे कोर्ट स्वतःहून तुमच्याकडे येत नाही. कुणाचं तरी नुकसान व्हावं लागतं, त्याच्याकडे वकील आणि वर्षं असावी लागतात, मग ते हलतं.

घटनेत न लिहिलेला अधिकार

संसदेचा कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द करण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेत कुठेही स्पष्ट लिहिलेला नाही. भारताच्या घटनेत कलम १३ आणि ३२ आहेत, तिथे शंकेला जागा नाही. अमेरिकेत हा अधिकार न्यायालयाने १८०३ मध्ये 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' या खटल्यात स्वतःच स्वतःला दिला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांची त्यातली हुशारी अशी की त्यांनी सरकारला काहीही करायला सांगितलं नाही. विल्यम मार्बरीचा नेमणुकीवर हक्क आहे, पण त्याला आमच्याकडे थेट यायला वाट देणारा कायदाच घटनेत बसत नाही, म्हणून आम्ही त्याला मदत करू शकत नाही, असं ते म्हणाले. सरकार खूश, कारण ते जिंकलं. कोर्ट खूश, कारण कायदा रद्द करण्याचा अधिकार त्याच्या खिशात आला. आणि गंमत म्हणजे, ज्या नेमणूकपत्रावरून हा खटला झाला ते वेळेत पोचवायचं राहिलं, तेव्हा परराष्ट्रमंत्री होते हेच मार्शल.

हा अधिकार असूच नये, असं मी म्हणत नाही. बहुमताला लगाम लागतोच. पण तो पुढे कसा वापरला गेला ते बघा. काँग्रेसचा कायदा रद्द करण्याची दुसरी वेळ आली ती ५४ वर्षांनी, १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात. सात विरुद्ध दोन मतांनी कोर्टाने सांगितलं की काळी माणसं अमेरिकेची नागरिक होऊच शकत नाहीत आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. लोकशाहीचा रखवालदार म्हणून ज्याचे आपण पोवाडे गातो, त्या अधिकाराचा हा दुसरा वापर.

तो निकाल कोर्टाने मागे घेतला नाही. तो पुसायला यादवी युद्ध लागलं आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती लागली. अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला माणूस अमेरिकेचा नागरिक, असं त्या दुरुस्तीत काळ्यावर पांढरं लिहिलं गेलं. सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी २०२५ मध्ये ज्या वाक्याच्या आधारावर आदेश रोखला, ते हेच वाक्य. म्हणजे जन्माने मिळणारं नागरिकत्व कोर्टाने कुणाला बहाल केलेलं नाही. ते सुप्रीम कोर्टाच्या निकालाविरुद्ध लढून, काँग्रेसने आणि राज्यांनी घटनेत घातलेलं आहे. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कच्या खटल्यात कोर्टाने ते मान्य केलं, सहा विरुद्ध दोन मतांनी. पण मान्य करणं वेगळं आणि मिळवणं वेगळं.

तलवार नाही, तिजोरी नाही

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटना मंजूर होण्याआधीच लोकांना धीर दिला होता: न्यायालयाला घाबरू नका, त्याच्याकडे ना तलवार आहे ना तिजोरी. ते खरंच आहे. १८३२ मध्ये कोर्टाने चेरोकी आदिवासींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे लागू होत नाहीत असा निकाल दिला. राज्याने तो धाब्यावर बसवला आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो राबवण्यासाठी बोट हलवलं नाही. १८३८ मध्ये चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकलण्यात आलं आणि हजारो माणसं त्यात मेली. खटला ते जिंकले होते.

यावर हमखास येणारा प्रतिवाद म्हणजे 'ब्राउन'. १९५४ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. या निकालाचं मोल कमी करायचा माझा हेतू नाही. तो नसता तर पुढची चळवळ वेगळ्या जमिनीवर उभी राहिली असती. पण निकालाच्या तारखेवर पुस्तक मिटू नका. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कराची १०१वी एअरबोर्न तुकडी पाठवावी लागली. आणि निकालाला दहा वर्षं होत आली तरी दक्षिणेतल्या जुन्या गुलामगिरीच्या राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एक-दोन होती. चित्र बदललं ते काँग्रेसने १९६४ चा नागरी हक्क कायदा करून, भेदभाव करणाऱ्या शाळांचा सरकारी पैसा रोखण्याची सोय केल्यावर. तिजोरीची चावी काँग्रेसकडे होती. ती फिरली तेव्हा शाळांची दारं उघडली.

आजन्म खुर्ची

आता या नऊ जणांकडे बघू. राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देतं आणि मग 'वर्तन चांगलं असेपर्यंत', म्हणजे व्यवहारात मरेपर्यंत किंवा स्वतःहून उठेपर्यंत, खुर्ची पक्की. भारतात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. खुद्द अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी फक्त ऱ्होड आयलंड आपल्या सर्वोच्च न्यायाधीशांना अशी बिनमुदतीची खुर्ची देतं. महाभियोगाची तरतूद आहे, पण दोन शतकांहून अधिक काळात १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग चालला आणि आठ जणांना काढलं गेलं. सुप्रीम कोर्टाच्या एकाच न्यायाधीशावर ती वेळ आली, सॅम्युएल चेस यांच्यावर, आणि १८०५ मध्ये तेही सुटले.

आजन्म नेमणुकीमागचा युक्तिवाद असा की न्यायाधीशाला कुणाची भीती नको. पण या नियमाने नेमणुकीचा जुगार करून टाकला आहे. जिमी कार्टर यांना चार वर्षांत सुप्रीम कोर्टात एकही नेमणूक करायला मिळाली नाही. ट्रम्प यांना पहिल्या चार वर्षांत तीन मिळाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये अँटनिन स्कॅलिया वारले, तेव्हा निवडणुकीला नऊ महिने असतानाही रिपब्लिकन सिनेटने ओबामांचे उमेदवार मेरिक गार्लंड यांना सुनावणीसुद्धा दिली नाही. लोकांना आधी कौल देऊ द्या, म्हणे. सप्टेंबर २०२० मध्ये ८७ वर्षांच्या रूथ बेडर गिन्सबर्ग वारल्या आणि त्याच सिनेटने मतदानाच्या दिवसाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांना बसवलं. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क काढून घेतला गेला, तेव्हा 'रो' हा जुना निकाल उलटवणाऱ्या पाच मतांत ट्रम्प यांनी नेमलेली तिन्ही मतं होती.

कोट्यवधी बायकांच्या शरीराचा प्रश्न कुणाच्या मृत्यूची तारीख कोणत्या वर्षात पडली यावर ठरत असेल, तर त्याला कायद्याचं राज्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि हे फक्त उजव्या बाजूला लागू नाही. उद्या नशीब दुसऱ्या बाजूला फिरलं आणि निकाल मला आवडणारे आले, तरी जुगार तो जुगारच.

'कोर्ट' नावाची पाटी

आपल्या लोकांना याहून जवळचा धोका आहे तो 'कोर्ट' या शब्दात. एखाद्याला अमेरिकेतून हद्दपार करायचं की नाही हे ठरवणाऱ्या जागेला 'इमिग्रेशन कोर्ट' म्हणतात. तिथे डगला घातलेला माणूस उंच खुर्चीवर बसतो, त्याला जज्ज म्हणतात. पण हे कोर्ट वर सांगितलेल्या तीन मजल्यांत कुठेच नाही. ते न्याय खात्याचं, म्हणजे सरकारचंच, एक कार्यालय आहे. त्याच्या जज्जांना सरकारचा अ‍ॅटर्नी जनरल नेमतो. आजन्म खुर्ची सोडा, त्यांना नोकरीवरून काढता येतं, आणि २०२५ मध्ये अनेकांना काढलंही गेलं. सरकारी वकीलही सरकारचा, जज्जही सरकारचा. आणि समोरच्या माणसाला वकील परवडत नसेल, तर सरकारने आपल्या खर्चाने तो द्यावा असा हक्क नाही.

आणखी जवळ या. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने व्हिसा नाकारला, तर त्या नकारावर अमेरिकेची न्यायालयं सहसा बोलतच नाहीत. हा तिथला जुना दंडक आहे. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आणखी घट्ट केला. एका अमेरिकन नागरिक बाईच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला गेला होता. नवऱ्याला देशात आणू देण्याचा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही, असं कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं. म्हणजे ज्या देशाच्या कोर्टावर आपण इतका भरवसा टाकतो, ते कोर्ट त्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी जवळजवळ अस्तित्वातच नाही.

आपल्या माणसांच्या बाबतीत या कोर्टाने पूर्वी काय केलं, तेही आठवू. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या' माणसांना मिळायचं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की भारतीय माणूस सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे गोरा नाही, म्हणून नागरिक नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे स्थलांतरितच. या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांचा खटला लढणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तशी कारवाई झाली. ते लढले आणि १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात जिंकले: एकदा कोर्टाने दिलेलं नागरिकत्व असं मागाहून उकरून काढता येणार नाही.

पंडितांचा विजय मोठाच. पण त्याने काय वाचलं? हातात कागद आधीच असलेल्यांचे कागद वाचले. नव्या भारतीय माणसाला दार बंदच राहिलं, पुढची वीस वर्षं. ते उघडलं १९४६ मध्ये, ल्यूस-सेलर कायद्याने. वर्षाला शंभर भारतीय एवढीच फट, पण नागरिकत्वाचा हक्क त्यात होता. पुढे १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेले जुने कोटे काढले आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. एच-वन-बी हा व्हिसा आजच्या रूपात १९९० च्या कायद्यातून आला. तिन्ही वेळा दार काँग्रेसने उघडलं.

आणि कुलूपही तिच्याच हातात आहे. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डात कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हा नियम काँग्रेसच्या कायद्यात आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग काही दशकांची झाली आहे. जगातला सर्वांत दयाळू न्यायाधीश आणून बसवला तरी तो हा आकडा बदलू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला, तेव्हाही लोक म्हणाले, कोर्टात टिकणार नाही. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने तो टिकवला. परदेशी लोकांचा प्रवेश रोखण्याचा भलामोठा अधिकार काँग्रेसने १९५२ मध्येच राष्ट्राध्यक्षाला देऊन ठेवला आहे. कोर्टाने तो कायदा वाचला, एवढंच.

मग त्या बाळाचं काय झालं?

सुरुवातीच्या आदेशाकडे परत येतो. सिअ‍ॅटलपाठोपाठ मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यायाधीशांनीही तो देशभर रोखला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, पण चलाखी करून. आदेश घटनेत बसतो का, हे विचारलंच नाही. विचारलं एवढंच की एका जिल्ह्याचा न्यायाधीश सगळ्या देशासाठी मनाई हुकूम काढू शकतो का? २७ जून २०२५ रोजी कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर दिलं: नाही. १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने काँग्रेसने न्यायालयांना जो अधिकार दिला, त्यात असले सार्वत्रिक हुकूम बसत नाहीत. फिर्यादीला पूर्ण दिलासा द्या, सगळ्या जगाला नको.

याचा अर्थ किती विचित्र होऊ शकतो बघा. खटला भरणाऱ्या २२ राज्यांत न्यू जर्सी होतं, टेक्सास नव्हतं. एकाच व्हिसावरच्या दोन मराठी जोडप्यांची बाळं, एक एडिसनला आणि एक डॅलसला जन्मलेलं, एकाला नागरिकत्व आणि दुसऱ्याला नाही, अशी वेळ येऊ घातली होती. घटना एक, जन्म एकाच देशातला. ती वेळ टळली, कारण वकिलांनी दुसरी वाट शोधली. अशा सर्व बाळांचा एक गट धरून सामूहिक दावा केला आणि १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशाने त्या गटासाठी आदेश रोखला. मूळ घटनात्मक प्रश्न ऐकायचं सुप्रीम कोर्टाने कबूल केलं ते डिसेंबर २०२५ मध्ये, आदेश निघाल्यावर जवळपास अकरा महिन्यांनी.

त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही बाजूने जाओ, माझा मुद्दा तोच राहतो. घटनेत सरळ शब्दांत लिहिलेला, १८९८ मध्ये पक्का झालेला हक्क. तोही नऊ माणसांच्या मर्जीची वाट बघत अकरा महिने टांगून ठेवता येतो, तर जे हक्क इतके सरळ लिहिलेले नाहीत त्यांचं काय? आणि या सगळ्या काळात काँग्रेस काय करत होती? दोन ओळींचा कायदा करून राष्ट्राध्यक्षाला थांबवणं तिच्या हातात होतं. तिने केला नाही, कारण कोर्ट आहेच की, असं म्हणून हात झटकता येतात. मतदारसंघात कुणी रागवत नाही, निवडणुकीत कुणी हिशेब मागत नाही. कोर्टाची ही ढाल आपल्यासाठी नाही, खासदारांच्या भित्रेपणासाठी आहे.

काँग्रेस जागी झाली की

कुणी म्हणेल, सुप्रीम कोर्टापुढे काँग्रेसचं काय चालणार? बरंच चालतं. सुप्रीम कोर्टात किती न्यायाधीश हा आकडा घटनेत नाही, कायद्यात आहे. १७८९ मध्ये सहा होते, मग सात, नऊ, दहा असं होत १८६९ पासून नऊ आहेत. खालची सगळी फेडरल कोर्टं काँग्रेसनेच निर्माण केलेली आहेत. कोणते खटले अपिलात ऐकायचे यावर ती बंधन घालू शकते; मकार्डल खटल्यात सुनावणी झालेली असताना १८६८ मध्ये तिने अधिकार काढून घेतला आणि १८६९ मध्ये कोर्टाने ते निमूट मान्य केलं.

आणि कायद्याचा अर्थ कोर्टाने चुकीचा लावला, तर काँग्रेस कायदाच दुरुस्त करू शकते. लिली लेडबेटर ही अलाबामातल्या टायरच्या कारखान्यातली सुपरवायझर. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळतो हे तिला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, १८० दिवसांच्या आत तक्रार करायला हवी होती. जे तिला माहीतच नव्हतं त्याची! गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत भर कोर्टात वाचून दाखवलं आणि चेंडू काँग्रेसकडे आहे असं सुनावलं. लेडबेटर काँग्रेसपुढे जाऊन बोलली. जानेवारी २००९ मध्ये ओबामांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केलेला पहिला कायदा तिच्या नावाचा होता. तिला स्वतःला त्यातून पैसे मिळाले नाहीत. पण पुढच्या बायकांसाठी नियम बदलला.

म्हणून तुम्ही तिकडे असाल किंवा तुमचं कुणी तिकडे असेल, तर माझं मागणं साधं आहे. सुप्रीम कोर्टाला अठरा वर्षांची मुदत असावी, दर दोन वर्षांनी एक नेमणूक व्हावी, म्हणजे प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला सारखी संधी मिळेल, ही मागणी तिथे जोर धरते आहे. तिला साथ द्या. साध्या कायद्याने भागेल की घटनादुरुस्ती लागेल यावर तिथले पंडित भांडतात. भांडू द्या, दबाव नसेल तर दोन्ही होणार नाही. इमिग्रेशन कोर्टं सरकारच्या हाताखालून काढून स्वतंत्र करा, हे मागा. देशागणिक सात टक्क्यांची अट काढा, हे मागा. ज्यांच्याकडे मत आहे त्यांनी मतावर मागा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी मत असलेल्या भावंडांना, शेजाऱ्यांना सोबत घेऊन मागा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून येऊन जानेवारी २०२३ मध्ये हाऊसमध्ये बसले. म्हणजे ते सभागृह आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला जमणारी गर्दी एकदा स्थानिक खासदाराच्या कार्यालयात जमली, तर तो ऐकेल. मतं मोजणाऱ्या माणसाला ऐकावंच लागतं. नऊ न्यायाधीशांना ते बंधन नाही.

कोर्टात जायचं नाही, असं मी म्हणत नाही. जायलाच हवं, ताबडतोब, चांगला वकील घेऊन. बुडणाऱ्याने हाताला लागेल तो ओंडका धरावा. पण ओंडक्याला नाव समजून त्याच्यावर संसार थाटू नये. पुढच्या वेळी कुठल्याशा न्यायाधीशाने ट्रम्पला रोखल्याचा फॉरवर्ड आला, की पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा: हा आदेश किती दिवस टिकणार, कुणापुरता, आणि ज्यांनी कायदा करायचा ते कुठे आहेत?